हॉर्सशूमधला बँड, नोंद ३ : खुर्ची कुठली घ्यायची?

पहिल्या दोन नोंदी रेकॉर्डरवर खर्ची पडल्या. ही जागेबद्दल : अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा मार्चिंग बँड, म्हणजे मैदानावर चालत आकृत्या करत वाजवणारा बँड, त्यांच्या ओहायो स्टेडियममध्ये ('हॉर्सशू' हे त्याचंच टोपणनाव) कुठे बसून ऐकावा. तिकीट काढताना बहुतेकांचा हिशेब एकच असतो, मैदानाच्या जितकं जवळ तितकं उत्तम. अमेरिकन फुटबॉलपुरता तो वादाचा म्हणता येईल. मार्चिंग बँडसाठी तो साफ चुकतो.

ओहायो स्टेडियम १९२२चं, घोड्याच्या नालाच्या आकाराचं, काँक्रीटचं. बँडच्या पहिल्या आणि शेवटच्या रांगेत २५ मीटर अंतर धरू. खालच्या एखाद्या खुर्चीवर, म्हणजे पहिल्या रांगेपासून आडवं २० मीटर आणि उंची ५ मीटर, पुढचा वादक साधारण २०.५ मीटरवर येतो आणि मागचा ४५ वर. अंतर दुपटीच्या वर, म्हणून मागचा वादक जवळजवळ ७ डेसिबलने दबतो. आता आडवं ४५ आणि उंची ३० मीटर घ्या. अंतरं होतात ५४ आणि ७६ मीटर, फरक फक्त ३ डेसिबल. एकूण आवाज ८ डेसिबलच्या आसपास उतरतो खरा, पण पुढचे ट्रंपेट मागच्या सूझाफोनना (अंगाभोवती वेढलेली मोठी, खर्जातली पितळी वाद्यं) गिळत नाहीत.

खालच्या रांगांचं दुसरं दुखणं म्हणजे आवाज प्रेक्षकांच्या डोक्यांना घासत येतो. अशा सपाट वाटेवर १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात खड्डा पडतो. ट्रॉम्बोन आणि बॅरिटोनचा भरीवपणा नेमका तिथेच असतो. मग बँड 'पातळ' वाजला असा शेरा मारला जातो आणि दोष बिचाऱ्या वादकांच्या माथी बसतो.

आता वेळेचं. २० अंशांना आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. ६० यार्ड (५५ मीटर) पसरलेली रांग गोलपोस्टमागून ऐकली, तर जवळच्या आणि लांबच्या टोकात १६० मिलिसेकंदांचा फरक पडतो. मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ३७५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे जवळपास अर्धा ठोका मागेपुढे. तीच रांग मैदानाच्या मधोमधच्या ५० यार्ड रेषेसमोर, ६० मीटरवरून ऐकली तर मध्य आणि टोक यांतला फरक १७-१८ मिलिसेकंदांचा. कानाला तो जाणवतही नाही. म्हणून दोन्ही ३५ यार्ड रेषांच्या आत राहा. कोपऱ्यातली स्वस्त तिकिटं सामन्यासाठी ठीक.

बँडच्या पाठीमागच्या बाजूला बसणाऱ्यांनी हे आवर्जून वाचावं. बँडची शिस्त अशी : मागे मधोमध उभी असलेली ड्रमलाइन (ढोलवाल्यांची रांग) समोरून ताल देणाऱ्याचे हात बघते, पुढचे वादक ड्रमलाइनला कानाने धरतात. दोघांत २० मीटर असले तर पुढचा वादक ५८ मिलिसेकंद उशिरा वाजवतो, पण ड्रमचा आवाज तेवढ्याच वेळात त्याच्यापाशी पोचलेला असतो. त्यामुळे बँडच्या तोंडासमोर सगळं एकत्र येतं. पाठीमागच्या स्टँडमध्ये मात्र हे ५८ आणि परतीचे ५८ यांची बेरीज होते. ११६ मिलिसेकंद, म्हणजे त्याच लयीत पाव ठोक्याहून जास्त. तिथून बँड ढिसाळ वाटतो. वाजवणारे चोख असतात.

या बँडमध्ये १९३४ पासून फक्त पितळी वाद्यं आणि तालवाद्यं आहेत. क्लॅरिनेट-बासरी नाही, म्हणून वरचा उजळपणा पूर्णपणे ट्रंपेट कुटुंबावर, आणि ट्रंपेटचे वरचे स्वर भोंग्याच्या दिशेनेच जातात. 'स्क्रिप्ट ओहायो', म्हणजे चालत चालत मैदानावर 'Ohio' हा शब्द लिहिताना ओळ वळते तेव्हा लक्ष द्या : भोंगा तुमच्याकडे आला की धार येते, फिरला की तोच सूर घोंगडीखालून आल्यासारखा. दीपगृहाचा झोत फिरावा तसं. सूझाफोनचे खालचे स्वर चहूकडे पसरतात, त्यांना वळणाचा फारसा फरक पडत नाही.

स्टँडचे मजले खालून वर ए, बी, सी डेक असे आहेत. बी डेकच्या मागच्या रांगा टाळा. वर सी डेकचं छत आहे. वरून येणारा आवाज अडतो, शेजाऱ्यांचा आरडाओरडा मात्र आतच घुमतो. ए डेकच्या वरच्या रांगा, छताच्या बाहेरच्या, हा माझ्या मते सर्वांत चांगला सौदा. सी डेक तोलाला उत्तम, पण वारा तिथे सगळं ठरवतो. बँडकडून तुमच्याकडे वाहत असेल तर आवाज खाली वळतो, उलटा असेल तर डोक्यावरून निघून जातो. शिवाय उंचावरून अंतर वाढतं. २० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला १०० मीटरमध्ये ८ किलोहर्ट्झचे ७-८ डेसिबल हवाच खाते. थंड, कोरड्या दिवशी त्याहून जास्त. स्नेअर ड्रमची चरचर आधी जाते.

प्रतिध्वनी मोजायची सोपी रीत अशी. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर, ऑटो लेव्हल बंद, केसाळ विंडशील्ड लावलेलं (नुसता फोम वरच्या रांगांत पुरत नाही), पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. स्नेअरचा एकटा ठोका शोधा आणि त्यानंतरचा दुसरा उंचवटा किती मिलिसेकंदांवर आहे ते बघा. त्याला ०.३४३ने गुणलं की जादा प्रवास मीटरमध्ये मिळतो. १४० मीटर जादा असतील तर ४०८ मिलिसेकंद. १४७च्या लयीत हा प्रतिध्वनी बरोबर पुढच्या ठोक्यावर पडतो आणि लपतो. १६०ला ठोक्याच्या थोडा मागे पडून चिखल करतो. ऑटो लेव्हल चालू राहिली तर पहिल्या ठोक्यानंतर यंत्र स्वतःच पातळी खाली ओढतं, मग दुसऱ्या उंचवट्याच्या उंचीवर विश्वास ठेवता येत नाही. भरलेला स्टँड आवाज शोषतो, रिकामे बाक परतवतात. सरावाचं आणि सामन्याचं रेकॉर्डिंग शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका.

मिशिगन विद्यापीठाचं १९२७चं स्टेडियम पुढच्या नोंदीत. ते जमिनीत खणलेलं, पसरट वाडग्यासारखं आहे. डोक्यांना घासणारा आवाज तिथे जास्त छळणार. २०१०मध्ये पूर्व-पश्चिम बाजूंना उंच इमारती आल्या, तेव्हा प्रतिध्वनीसाठी पहिली तपासणी त्यांच्या समोरच्या रांगांतून.