आमची वाटचाल: फोंड्यातून निफ्टी ५०० ची चाचणी

फोंड्याच्या वरच्या बाजारात पहिल्या मजल्यावर आमचे ऑफिस आहे. सुरुवात मुंबईच्या एका दलालाची फ्रँचायझी म्हणून झाली. गिऱ्हाईक ठरलेले: निवृत्त मास्तर, सुट्टीवर आलेले तारवटी (बोटीवरचे खलाशी), सावर्डे-कुडचड्याचे ट्रकमालक. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकमालकांनी हप्ते भरायला शेअर विकले. पुढे मोबाइलवरचे स्वस्त ब्रोकर आले, डिलिव्हरीवरची (शेअर खरोखर घेऊन ठेवण्यावरची) दलाली शून्यावर गेली, आणि जिना चढून आमच्याकडे कोणी यायचे तरी कशाला, असा प्रश्न उभा राहिला. त्यातूनच आजचा धंदा निघाला. तुमचा आडाखा सांगा, आम्ही तो साऱ्या बाजाराच्या, म्हणजे निफ्टी ५०० या यादीतल्या पाचशे कंपन्यांच्या, जुन्या भावांवर चालवून काय निघते ते दाखवतो. कोणता शेअर घ्यावा हे आम्ही सांगत नाही. त्यासाठी सेबीची (शेअर बाजाराच्या नियामकाची) वेगळी नोंदणी लागते.

सगळ्यांत जास्त येणारा आडाखा एकच: आरएसआय (भावाचा जोर मोजणारा आकडा) ७० च्या वर गेला, शेअर ओव्हरबॉट झाला, म्हणजे खरेदी अति झाली, विका. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली हे मोजमाप मांडले. चौदा दिवसांतल्या वाढीची सरासरी घ्यायची, घसरणीची सरासरी घ्यायची, आणि दोन्हींचे प्रमाण ० ते १०० च्या पट्टीवर बसवायचे. ७० म्हणजे वाढीची सरासरी घसरणीच्या साधारण सव्वादोन पट. शेअर महाग झाला की स्वस्त आहे, याबद्दल त्यात अवाक्षरही नाही.

खरे काम मात्र सूत्राच्या आधीचे. गोव्यात सेसा गोवा या खाण कंपनीचे शेअर कपाटात जपणारी घरे पुष्कळ. तीच कंपनी २०१३ मध्ये सेसा स्टरलाइट झाली आणि २०१५ मध्ये वेदांता. एनएसई या शेअर बाजारावरचे तिचे चिन्ह दोनदा बदलले. त्याआधी १० रुपयांच्या शेअरचे १ रुपयाचे दहा तुकडे झाले होते. जुन्या भावकॉप्या (बाजाराच्या रोजच्या भावांच्या फायली) तशाच जोडल्या तर संगणकाला एका दिवसात ९० टक्के पडझड दिसते, आरएसआय तळाला जातो, आणि त्यानंतर कितीतरी आठवडे त्या शेअरमध्ये ओव्हरबॉटचा इशारा येतच नाही. ही साफसफाई कंटाळवाणी आहे, पण आमचे निम्मे पैसे तिचेच.

सावईवेऱ्याचे एक मास्तर एकदा तणतणत आले. “तुमचा आरएसआय ७१ म्हणतो, माझा मोबाइल ६८. खरा कोणाचा?”

“मास्तर, तुमच्या ॲपने किती मागच्या तारखेपासून मोजायला घेतलंय?”

वाइल्डरच्या पद्धतीत कालच्या सरासरीचे तेरा भाग आणि आजचा एक भाग मिळून नवी सरासरी बनते, त्यामुळे सुरुवातीची खूण बराच काळ रेंगाळते. आम्ही आधीच्या वर्षभराचे भाव मोजून मगच इशारे धरतो. मास्तरांना कागदावर आकडेमोड करून दाखवली. गणिताचेच शिक्षक, लगेच पटले.

आता निकाल. इशाऱ्यानंतर महिन्याभरात भाव पडला का, एवढेच बघून चालत नाही; त्याच शेअरमध्ये कुठल्याही साध्या दिवशी विकले असते तर काय झाले असते, ते शेजारी मांडावे लागते. तसे मांडले की ७० च्या नियमाचा बराचसा रुबाब उतरतो. डिसेंबर २०२० मध्ये निफ्टीचा (पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा) आरएसआय ७० च्या वर होता, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये निफ्टी १५,००० च्या पुढे. शिवाय अशा तेजीत एकाच आठवड्यात शेकडो शेअर ओव्हरबॉट होतात. गिऱ्हाईक म्हणते, केवढे पुरावे! आम्ही ती सगळी लाट एकच घटना धरतो. यावरून वाद होतात, होऊ देत.

आजच्या निफ्टी ५०० ची यादी घेऊन दहा वर्षे मागे जाणेही आम्हाला मान्य नाही. त्यात बुडालेल्या कंपन्या नसतात, म्हणून निकाल गोड येतो. ज्या दिवसाची चाचणी, त्या दिवसाची यादी.

कागदावरचा नफा हातात येतो का, तेही पाहावे लागते. कॅश बाजारात डिलिव्हरीचे शॉर्ट, म्हणजे हातात नसलेला शेअर आधी विकून ठेवणे, करता येत नाही, त्यामुळे ‘फार पळालाय, विकून ठेव’ हे फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) असलेल्या शेअरपुरतेच. छोट्या शेअरला खालचे सर्किट (दिवसाच्या घसरणीची मर्यादा) लागले तर घेणारा नसतो. डिलिव्हरीत दोन्ही बाजूंना ०.१ टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) जातो तो वेगळाच.

हल्ली तीन इंडिकेटर एकत्र जोडून आणण्याची टूम आहे: आरएसआय, स्टोकॅस्टिक, बोलिंजर बँड. तिन्ही भावावरूनच निघतात, म्हणजे एकाच घरातले तीन साक्षीदार. म्हणून आम्ही भावाबाहेरची एक गोष्ट जोडायला घेतली आहे, एनएसई रोज देते ती डिलिव्हरीची टक्केवारी, म्हणजे त्या दिवशीच्या सौद्यांतले किती शेअर खरोखर घेतले गेले. इशारा आला त्या दिवशी डिलिव्हरी जास्त असेल तर पुढची चाल वेगळी दिसते का, एवढाच प्रश्न. आत्तापर्यंत मोठ्या शेअरांत काही हाती लागलेले नाही, लहानांची तपासणी चालू आहे. पावसात वीज गेली की संगणक अर्ध्यावर थांबतो, म्हणून चवथीआधी नवा इन्व्हर्टर घ्यायचा बेत आहे.