गच्चीवरचा खेकडा

पौष अमावास्या, ठाणे. रात्रीचा दीड वाजलाय.

आज क्रॅब नेब्युला, म्हणजे एका फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला ढग, मनासारखा मिळाला. थंडीत, दहा वाजून गेले की तो आपल्या अगदी डोक्यावर असतो (त्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, २२ अंश, ठाण्याचा अक्षांश १९), म्हणजे घोडबंदर रोडच्या धुळीचा थर त्यातल्या त्यात पातळ. ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावला तर आमच्या गच्चीवरून काही म्हणता काही दिसत नाही. चौथ्या मजल्यावरचे काका वाकून बघून गेले. "अहो, नुसतं राखाडी आहे!" खरंय.

फोटोत मात्र येतो. डुअल-बँड फिल्टर लावला की हायड्रोजनचा ६५६ आणि ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरचा प्रकाश तेवढा आत येतो, आणि स्टॅकिंग (अनेक फोटो एकावर एक रचणं) झाल्यावर ते लाल-हिरवट तंतू उमटतात. सोडियमचे दिवे होते तेव्हा त्यांचा बराचसा उजेड पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात असायचा, तो गाळता यायचा. हे पांढरे एलईडी सगळ्याच रंगांत सांडतात. पण गंमत अशी की क्रॅबच्या पोटातली निळसर झाकही तशीच, चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉन्सची, सगळ्या तरंगलांबींत पसरलेली. फिल्टर तिलाही खाऊन टाकतो. म्हणून उत्तररात्री फिल्टर काढून तीस-तीस सेकंदांच्या भरपूर फ्रेम्स घेतल्या, आता दोन्ही जोडायच्या.

हा तारा फुटलेला चीनमध्ये दिसला ४ जुलै १०५४ ला. २३ दिवस भर दिवसा दिसत होता, रात्री एप्रिल १०५६ पर्यंत. तेव्हा इथे शिलाहारांचं राज्य. अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा. आषाढाच्या ढगांत आपल्याकडे तो हुकला असणार, पण पाऊस सरल्यावर रोहिणीच्या पूर्वेला उपरा तारा कुणा पाथरवटाला दिसलाच असेल, असं मी आपलं धरून चालतो.

तो ढग अजून सेकंदाला सुमारे १५०० किलोमीटर वेगाने पसरतोय. साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरून ते दहा वर्षांत साधारण दीड कोनसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक कोनसेकंद) भरतं, माझ्या कॅमेऱ्याचा जेमतेम एक पिक्सेल. तेवढा मला पकडायचाय. हार्डडिस्क भरली म्हणून घरात कुरकुर चालू आहे. म्हटलं, बारशाचे व्हिडिओ हवे तर दुसरीकडे हलवू, या कच्च्या फाइल्सना हात लावायचा नाही.