यादी

मंगळवार, रात्र

"तुमचं बरंय, तुम्हाला सगळं माहितीये." मुलांच्या ऑटिझमच्या थेरपीच्या बाहेर बसलो होतो, तेव्हा एक आई सहज बोलून गेली. "काय काय घ्यायचं त्याची यादी पाठवा की."

माझं बरंय! कणीक मळताना तेच, दारं लावताना तेच. तिचं पोरगं तिच्या मांडीवर डोकं टेकून बसलं होतं. माझा चिनू कधी... असो.

तर यादी. वजनदार पांघरूण, शांत झोप लागावी म्हणून. मुलाच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याचं घ्यायचं म्हणतात, म्हणजे चिनूला अडीच किलोचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे अंगावर घे म्हणायची माझीच छाती होत नाही. इंग्लंडमधली 2014 ची या पांघरुणांची चाचणी मी ते घरी आल्यावर वाचली. 67 मुलांनी पूर्ण केली, झोप काही वाढली नाही. मुलांना पांघरूण आवडलं मात्र. आमच्या चिनूसाहेबांना तेही नाही. त्याला आपली सोलापुरी चादरच लागते, तीही उलटी बाजू वर करून. ह्यांनी किंमत विचारली तेव्हा मी... जाऊ दे.

कानावरचे मफ. मिक्सर लागला की हा कान दाबून मोरीत पळतो. आणि अण्णांच्या विणायच्या मागावर? तिथं खटखटाटात मफ न लावता तासभर उभा, डोळे अर्धे मिटून. हे यादीत कसं लिहायचं? गड्डा जत्रेच्या गर्दीत लागतात, एवढं खरं. हार्डवेअरच्या दुकानात कामगारांसाठीचे मिळतात, तेच घ्या म्हणावं.

चित्रांचा तक्ता, दिवसाचा क्रम कळायला. आंघोळ, नाश्ता, शाळा, नळ. पाण्याच्या दिवशी नळाचा फोटो लावावा आणि पाणी येऊच नये! तक्ता खोटा, आई खोटी, घर डोक्यावर. शेवटी नळाशेजारी एक प्रश्नचिन्हाचं कार्ड चिकटवलं: येईल किंवा येणार नाही. ते त्यानं मान्य केलं. मला अजून जमलेलं नाही, मी बादल्या मांडून बसतेच.

आयआयटी मुंबईचं जेलो ॲप मात्र डोळे झाकून सांगेन. फुकट आहे, चित्रावर दाबलं की मराठीत बोलतं. चिनू त्यातलं नकाराचं बटण दिवसभर दाबतो. पूर्वी चावायचा, आता नाही म्हणतो. हे बरंच आहे की! म्हणजे थोडंसं बरंय माझं, मान्य.

तिला व्हॉइस मेसेज टाकला. म्हटलं, आधी आठवडाभर नुसतं बघा, तो काय चावतो, कशाला घाबरतो, कुठं रमतो. मग घ्या. उत्तर आलं, "थँक्यू ताई. लिंक पाठवता का?"

हसूच आलं. मीही हेच म्हटलं असतं. पाठवल्या सगळ्या, पांघरुणाचीसुद्धा. खाली लिहिलं: आमचं वापरून बघा आधी, कपाटातच आहे.

उद्या झोक्याचा हूक बसवायला माणूस येतोय. स्लॅबला ड्रिल मारणार, म्हणजे मफ लागणार. आणि मफ चिनूनं कुठं ठेवलेत ते त्यालाच ठाऊक.