आमची वाटचाल : ‘पडलं तरी फुकट’

हातात धरून खेळायच्या गेमच्या मशिनांच्या दुरुस्तीचं दुकान कधी काढलं असं कुणी विचारलं की मी १९९७ सांगतो, पण खरं म्हणजे तेव्हा दुकान नव्हतंच, सांगलीत मारुती रोडला मामांच्या घड्याळाच्या टपरीत अर्धं टेबल होतं. मामा माझे सख्खे नव्हेत, सगळा रोडच त्यांना मामा म्हणायचा. ते घड्याळं करायचे आणि मी शेजारी बसून त्या ‘९९९९ गेम’वाल्या ब्रिक गेमच्या बटणाखालचं रबर पुसायचो (खरे गेम मोजून दहाबारा, बाकी सगळे तेच, फक्त स्पीड वेगळा). भाडं नाही, गेमचं जे येईल त्यात निम्मे निम्मे. डोळ्याला लावायचं भिंग आणि एक बारीक टोकाचा चिमटा त्यांनी मला दिला तो अजून वापरतोय, टोकं तीनदा घासून सरळ केली पण दुसरा घेतला नाही. हल्लीची पोरं ऑनलाइन पन्नास बिटांचा स्क्रूड्रायव्हर किट मागवतात आणि त्यातला तीन पाकळ्यांचा बिट दुसऱ्या स्क्रूलाच गोल होतो. एकच घ्या पण चांगला घ्या, असं मी सांगतो, कुणी ऐकत नाही.

पहिलं मोठ्या कंपनीचं मशीन आणलं ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे विटा डेपोचे कंडक्टर, आता रिटायर झालेत. मेव्हण्यानं मस्कतवरनं आणलेला राखाडी गेमबॉय, निन्टेन्डो कंपनीचं हातात धरून खेळायचं मशीन, १९८९ चं मॉडेल, आणि तो पडला कुठनं तर एसटीच्या सामानाच्या रॅकवरनं, तोही घाटात. स्क्रीनवर उभ्या रेघा गायब झाल्या होत्या एवढंच. आतली पट्टी सोल्डरिंग आयर्ननं हलक्या हातानं गरम केली की त्या रेघा परत येतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं, अंदाजानं केलं आणि जमलं. मास्तर तेव्हापासनं दर दोनतीन वर्षांनी येतात, कधी सेल गळून पत्र्या हिरव्या झालेल्या असतात, कधी नुसतंच बसायला. आखाती युद्धात जळून वितळलेला एक गेमबॉय न्यूयॉर्कच्या निन्टेन्डोच्या दुकानात बरीच वर्षं चालू ठेवला होता, त्याचा फोटो मी काउंटरला लावला तर मास्तर म्हणाले, ‘त्यात काय, आमचा घाटात पडलाय.’

खरं आहे पण. त्या मशीनमध्ये तुटण्यासारखं आहेच काय? जाड प्लास्टिक, छोटा स्क्रीन, चार पेन्सिल सेल, पडलं की सेलचं झाकण उडतं आणि निम्मा मार तिथंच जिरतो. आत फिरणारं काही नाही. पुढं सोनीची पीएसपी आली, तिच्यात फिरणारी डिस्क, तिचा दरवाजा, आणि ते एवढुसं अॅनलॉगचं बटण. निन्टेन्डोची डीएस लाइट घडीची, मिटली की स्क्रीनला धक्का नाही, पण उजव्या बाजूच्या बिजागरीला चीर जायची. ती वर्षं बरी गेली, मामांनी टपरी मला दिली, मी गाळा घेतला, लग्न झालं, असो.

आता मुद्द्याचं सांगतो, २०१८. निन्टेन्डोचं स्विच हे मशीन बाजारात येऊन वर्ष झालेलं, आपल्याकडं बहुतेक माल दुबईवरनं यायचा, त्यामुळं बिल नाही, वॉरंटी नाही, बिघडलं की पोरगं रडत आमच्याकडं. आणि त्याच साली आमच्या बरोब्बर समोर एक दुकान उघडलं. नाव घेत नाही. काचेचा काउंटर, एसी, आणि पाटी, ‘सहा महिने वॉरंटी’. आमची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडायला लागली. मला राहवलं नाही, मी रात्रीत पाटी रंगवून आणली, ‘वर्षाला ३०० रुपये, पडलं तरी फुकट’. मामा तेव्हा संध्याकाळी येऊन बसायचे, ते म्हणाले आधी वहीत आकडे मांड मग पाटी लाव. मी पाटी आधी लावली.

पहिल्या महिन्यात लोकांची रांग. दुसऱ्या महिन्यात मशिनांची.

फुकट आहे म्हणल्यावर हातातली पकडच ढिली होते हो माणसाची, आई आधी ओरडायची तीसुद्धा म्हणायला लागली की जाऊ दे, ते काका करून देतात. पण एक झालं, मी वही घातली. कुठनं पडलं, कशावर पडलं, काय तुटलं, सगळं लिहून घ्यायचो, गिऱ्हाईक वैतागायचं तरी. त्यातनं जे कळलं ते कुठल्या माहितीपत्रकात सापडायचं नाही. उंचावरनं पडलेली मशिनं फार नव्हतीच, बहुतेक सोफ्यावरनं नाहीतर चार्जिंगच्या वायरीत पाय अडकून. वायर लावलेली असताना पडलं की मशीनचं सगळं वजन त्या पिनवर येतं, पोर्ट बोर्डावरनं पॅडसकट उचकटतो, हे काम स्क्रीन बदलण्यापेक्षा वाईट. शहाबादी फरशीवर कोपरा ठेचतो, गुळगुळीत टाइल्सवर मशीन घसरत भिंतीपर्यंत जातं. कवठ्याच्या एका घरी शेणानं सारवलेल्या जमिनीवर पाचसहा वेळा पडलं, काही तुटलं नाही, फक्त अंगठ्यानं फिरवायच्या स्टिकमध्ये माती गेली.

आणि स्टिक! पडून बिघडतात त्यापेक्षा झिजून बिघडतात जास्त. आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर पत्र्याची जीभ घासते, घासून घासून पट्टी जाते आणि मग हात न लावता खेळाडू आपला चालतच सुटतो. लोक म्हणतात पडल्यामुळं झालं, मी म्हणतो खेळल्यामुळं झालं, आणि स्कीममध्ये पडण्याचं लिहिलेलं, झिजण्याचं नाही, यावरनं रोज भांडण. आता चुंबकावर चालणाऱ्या स्टिक मिळतात, त्यात घासाघाशीच नाही, तेव्हा मिळत असत्या तर मी आज बंगल्यात असतो. जॉयकॉनच्या, म्हणजे स्विचच्या दोन बाजूंना अडकवायच्या कंट्रोलरच्या, रेलमधलं अडकणारं प्लास्टिकचं दातरं पण झिजतं, मग चारशे ग्रॅमचं मशीन एका बाजूनं धरून उचललं की खाली. धातूचं दातरं मिळतं, पाच मिनिटांचं काम आहे, करून घ्या.

तर दिवाळीपर्यंत माझी गणितं पार ढासळली होती. आणि तेवढ्यात एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. कॉलेजची पोरं यायची, नवीन चेहरे, ३०० भरायची आणि आठवड्यात ‘पडलं’ म्हणून हजर. स्क्रीन काळा, पण कोपऱ्याला साधा ओरखडा नाही. मी करत राहिलो, पाटी लावलीय ना. एक दिवस असंच एक उघडून ठेवलेलं, मामांनी सहज भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, ‘अरे, ह्या स्क्रूवर नेलपेंट कुणाचं?’

लाल नेलपेंट. स्क्रूच्या डोक्यावर मोहरीएवढा ठिपका. आपण उघडलेलं मशीन ओळखू यावं म्हणून समोरचे लावायचे, सगळ्या रोडला माहीत होतं. म्हणजे त्यांच्याकडं दुरुस्त न झालेली, काही तर त्यांनीच बिघडवलेली मशिनं, ते पोरांच्या हातनं ३०० रुपये भरून माझ्याकडं फुकटात करून घेत होते आणि गिऱ्हाइकाकडनं पूर्ण पैसे लावत होते. मी आधीची पोत्यातली जुनी बॉडी, झाकणं, स्क्रू सगळं ओतून बसलो रात्री. ठिपकेच ठिपके.

सकाळी तडक समोर गेलो. काय काय बोलायचं ते रात्रभर ठरवलेलं. ते म्हणाले, ‘या, बसा, चहा घ्या.’ आणि मी घेतला. एवढी वर्षं झाली, पैसे गेले त्याचं आता काही वाटत नाही, पण तो चहा मी का घेतला हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. बोललो काहीच नाही म्हणा ना. ते म्हणाले पोरं कुठनं आणतात आपल्याला काय माहीत.

पाटी काढली. ज्यांचे पैसे घेतले होते त्यांचं वर्ष मात्र पूर्ण केलं, बायको म्हणाली बंद करा, मामा म्हणाले कर. अर्धा गाळा मोबाईल कव्हर विकणाऱ्याला भाड्यानं दिला, तो अजून आहे, गाणी मोठ्यानं लावतो. त्या काळात मास्तर दर पगाराला यायचे आणि गेमबॉय काउंटरवर ठेवून म्हणायचे जरा साफ करा. काही झालेलं नसायचं. मी उघडायचो, आयपीएनं, म्हणजे साफ करायच्या अल्कोहोलनं, पुसायचो, ते दोनशे ठेवून जायचे. दोघंही त्यावर काही बोलायचो नाही.

वर्ष संपलं आणि ऑगस्ट २०१९ ला पूर. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, मारुती रोडला काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. तीन वह्यांपैकी दोन गेल्या, तिसरी मी घरी नेली होती म्हणून राहिली. सोल्डर वितळवायचं हॉट एअर मशीन गेलं. समोरच्यांचा एसी पण गेला, पण त्याचं वाईट वाटलं असं मी खोटं लिहिणार नाही. लॉकडाऊननंतर बरं चाललंय, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मामा २०२२ ला गेले.

आता येतात ती मशिनं जड आहेत. व्हॉल्व कंपनीचा स्टीम डेक पहिला ६६९ ग्रॅम, म्हणजे दोन गेमबॉयपेक्षा जास्त, आणि पोरं झोपून तोंडावर धरून खेळतात. पडला तर मशीन वाचेल, नाकाचं सांगता येत नाही. बॅटरी फुगून पाठ उचललेली दिसली तर चार्जिंग बंद करा आणि आणून द्या, दाबून बसवू नका. ओएलईडी स्विचच्या काचेवर कंपनीनंच एक फिल्म चिकटवलेली असते, ती स्क्रीनगार्डची समजून सोलू नका, काच फुटली तर तुकडे धरून ठेवायला आहे ती. कार्ट्रिजमध्ये फुंकर मारू नका, थुंकी जाते. आणि डेकची पाठ उघडायच्या आधी मेमरी कार्ड काढा, नाहीतर कार्डाचे दोन तुकडे होतात.

हे शेवटचं लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात एक पोरगं डेक घेऊन आलं. आत कार्ड मधोमध मोडलेलं, अर्धं स्लॉटमध्ये अडकलेलं, आणि पाठीच्या स्क्रूवर लाल ठिपका. कुणी पाठवलं विचारलं नाही. मामांच्या चिमट्यानं तुकडा काढला, स्लॉट वाचला, पूर्ण पैसे घेतले, आणि स्क्रू बसवल्यावर बायकोच्या ड्रॉवरमधलं हिरवं नेलपेंट आणून त्या लालवर बरोब्बर एक ठिपका दिला.