मालवणच्या समुद्रात पाउचमधला फोन: माझा अनुभव

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या खडकांपाशी स्नॉर्कलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचे पाहणे) करताना फोटो आपल्याच मोबाइलवर काढायचे, असे ठरवून मी एक वॉटरप्रूफ पाउच विकत घेतला. त्याच्या खोक्यावर ‘पाण्याखालीही टच चालतो’ असे ठळक अक्षरांत छापले होते, आणि त्या एका वाक्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. जेट्टीवरची नावनोंदणी, लाइफ जॅकेट, तोंडाने श्वास घेण्याचा सराव हे सारे विनासायास पार पडले. अडले ते पाण्यात उतरल्यावर.

बोटीवर पाउचवरून बोट फिरवले की कॅमेरा निमूटपणे ऐकत होता. पाण्यात हातभर खाली नेताच मात्र तो ऐकेनासा झाला. मोबाइलच्या स्क्रीनला स्पर्श कळतो तो बोटामुळे तिच्यावरील विद्युतभारात होणाऱ्या सूक्ष्म बदलामुळे. समुद्राचे खारे पाणी स्वतःच विजेचे उत्तम वाहक असते आणि त्याच्या दाबाने पाउचचे प्लास्टिक सबंध स्क्रीनला चिकटते, त्यामुळे फोनच्या दृष्टीने स्पर्श एका बोटाचा न राहता चहूबाजूंनी होऊ लागतो. मग कधी काहीच हलत नाही, तर कधी झूम आपोआप वाढत जातो. पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या माशांचा थवा माझ्या पुढ्यात असताना फोनने आपणहून सेल्फी कॅमेरा चालू केला होता आणि स्क्रीनवर मास्क घातलेला माझाच चेहरा दिसत होता. थोड्याच वेळात स्क्रीन बंद होऊन फोन लॉक झाला. मास्कमुळे चेहरा ओळखला जाईना, प्लास्टिकवरून बोटाचा ठसा उमटेना आणि पॅटर्न काढावा तर टच नाही. म्हणजे परत बोटीपाशी येऊन, पाउच कोरडा पुसून फोन उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते. प्रत्येकाला पाण्यात मिळणारा वेळ मोजका, मागे पुढची मंडळी खोळंबलेली, आणि आपण काठीवर टांगलेल्या टॉवेलचे टोक शोधत बसायचे, यात जी चिडचिड होते ती खोके छापणाऱ्याने एकदा तरी अनुभवावी.

यावरचा खरा उपाय म्हणजे टच विसरून बटणावर यावे. बहुतेक फोनमध्ये आवाजाचे बटण दाबले की फोटो निघतो. आपल्या फोनमध्ये निघत नसल्यास सेटिंगमध्ये ती सोय शोधावी. पाउचच्या जाड प्लास्टिकवरून ते बटण अंगठ्याने नेमके सापडते का, हे घरीच डोळे मिटून पाहावे. स्क्रीन बंद होण्याची मुदत जास्तीत जास्त ठेवावी आणि फोन फ्लाइट मोडवर टाकावा, कारण किनाऱ्याजवळ रेंज असते आणि ऐन वेळी कर्ज हवे का असे विचारणारा फोन येऊ शकतो. सर्वांत चांगली युक्ती मात्र आमच्या गाइडने सांगितली: “ताई, व्हिडिओ भायरच चालू करून घेवा, मगे बुडवा.” चित्रीकरण सुरू असेपर्यंत स्क्रीन मिटत नाही, आणि ४के व्हिडिओच्या एका चौकटीत ३८४० × २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात, त्यामुळे घरी बसून हवा तो क्षण निवडून फोटो वेगळा काढता येतो. माझे जमलेले सगळे फोटो असेच निघालेले आहेत, आणि ते मी अभिमानाने दाखवते.

हे आधीच सांगायला हवे होते: फोन घालण्यापूर्वी पाउचमध्ये टिश्यू पेपर आणि वजनाला एखादा चमचा ठेवून तो अर्धा तास बादलीत बुडवून ठेवावा. कागद कोरडा निघाला तरच पुढे जावे. फोन स्वतः आयपी ६८ (धूळ आणि पाणी आत न शिरू देण्याचे मानांकन) असल्याचा भरवसा इथे धरू नये; ती चाचणी गोड्या पाण्यात होते. पाउच खोलीतल्या एसीत बंद करावा, कारण कोकणातली दमट हवा आत कोंडली गेली की पाण्याच्या गारव्याने लेन्ससमोर धुके धरते. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडीही घालावी, फक्त ती लेन्सच्या आड येऊ देऊ नये. हवा पूर्ण दाबून काढू नये, थोडी राहिल्यास हातातून सुटलेला पाउच तरंगण्याची शक्यता वाढते. दोरी गळ्यात न घालता मनगटाला बांधावी, गळ्यात ती स्नॉर्कलच्या नळीत अडकते.

पाण्यात लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो, म्हणून दुरून काढलेले फोटो हिरवट येतात; मासा हाताच्या अंतरावर येऊ द्यावा. फ्लॅश बंदच हवा, नाहीतर पाण्यातल्या कणांचे पांढरे ठिपके तेवढे उठून दिसतात. काही जण मासे जमवण्यासाठी पावाचे तुकडे टाकतात; माशांना ते अपायकारक असतेच, शिवाय फोटोभर चुरा दिसतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत पाणी त्यातल्या त्यात नितळ असते, आणि ऊन डोक्यावर असतानाची फेरी मागून घ्यावी. बाहेर आल्यावर पाउच बंद असतानाच गोड्या पाण्याने धुवावा, तोंडाकडची घडी पुसून कोरडी करावी आणि मगच उघडावा. बोटीवर फोटो पाहण्याच्या घाईत उघडल्यास घडीत साचलेले खारे पाणी थेट फोनच्या चार्जिंगच्या भोकात जाते.