चारपट वाढ

यावल तालुक्यातल्या बागेतली केळीची पानं. काही शेडनेटखालच्या झाडांची, काही मे महिन्याच्या उघड्या उन्हात होरपळलेल्या झाडांची. तोडली एकाच दुपारी. शेवरीचं कुंपण वारा अडवतं, खान्देशातलं ऊन थोडंच अडवणार! पीएच.डी.ची विद्यार्थिनी खुशीत होती. तिच्या लाडक्या जनुकाचा आरएनए उन्हातल्या पानांत चारपट वाढलेला दिसत होता, आणि पेपरचं शीर्षकही ठरून गेलं होतं.

मी आलेख बाजूला सारून नुसत्या सीटी किमती मागितल्या, म्हणजे पीसीआर यंत्रात जनुक दिसू लागायला किती चक्रं लागली ते आकडे; आरएनए जितका जास्त, तितकी चक्रं कमी. (रंगीत स्तंभांची मला धास्तीच आहे.) तिच्या जनुकाची सीटी सावलीत 26, उन्हातही 26. हललं होतं ते जीएपीडीएच, तुलनेसाठी स्थिर धरलेलं संदर्भ जनुक, 19 वरून 21 वर. म्हणजे दोघांतला फरक सातचा पाच झाला. दोन चक्रं कमी, प्रत्येक चक्राला दुप्पट, झाली चारपट. आकडेमोड चोख होती. तराजूतलं मापच झिजलं होतं.

"पण मॅडम, सगळे जीएपीडीएचच वापरतात."

वापरतात खरं. संदर्भ जनुकाशिवाय भागतही नाही. केळीच्या पानात फिनॉल आणि चिकट शर्करा इतक्या, की आरएनए काढताना नळीत तपकिरी गाळ बसतो; दर नमुन्यातून सारखा आरएनए हाती येत नाही, त्यावरून बनवायची डीएनए-प्रत, म्हणजे सीडीएनएही सारखा बनत नाही. ती तफावत वजा करायलाच संदर्भ जनुक. पण जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसमधलं विकर. उष्णतेने पेशीचा चयापचयच बदलत असताना त्याने जागचं हलू नये, ही अपेक्षा कशाच्या भरवशावर?

त्याच सीडीएनएवर ॲक्टिन, युबिक्विटिन आणि ईएफ-१ अल्फा ही आणखी तीन संदर्भ जनुकं लावली. मुद्दाम वेगवेगळ्या कामांची जनुकं घेतली; कारण 2002 साली आलेली, संदर्भ जनुकांची स्थिरता जोखणारी जीनॉर्म पद्धत जनुकांच्या जोड्या एकमेकांशी ताडून बघते, आणि एकाच वाटेवरची जनुकं सोबत सरकली तर तीही स्थिर भासतात. जीनॉर्मच्या यादीत जीएपीडीएच तळाला गेलं. ॲक्टिन आणि ईएफ-१ अल्फा दोन्हीकडे जवळजवळ सारखे आले. त्या दोघांचा भूमितीय मध्य धरला आणि चारपट वाढ एकपटीवर उतरली.

ती बराच वेळ गप्प होती. मग स्वतःच म्हणाली, "एचएसपी७० पण बघू का?"

उष्णतेत पेशीला सांभाळणाऱ्या प्रथिनाचं हे जनुक; त्याची वाढ टिकली. आधी 256 पट दिसत होती, आता 64 पट. प्रबंधात तीच गेली, शीर्षक बदलून.