पॉइंट सहा म्हणजे सहा सूत

नेरूळला गच्चीवर उन्हाने हवा गरम करायची पेटी बसवतोय म्हटल्यावर शेजाऱ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग उन्हाकडे. इथे उकाड्याने जीव जातो, हीटर कोणाला हवाय? पण आमचं सिडकोचं बैठं घर, त्यात आईची खोली उत्तरेला. ऊन आत येतच नाही. पाऊस जाऊन महिना झाला तरी गोधड्यांचा कुबट वास जात नव्हता. हवा तापली की तिचा दमटपणा उतरतो. 30 अंशांची, 60 टक्के आर्द्रतेची हवा 45 अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता 27 टक्क्यांच्या आसपास येते. मला ऊब नको होती, कोरडी हवा हवी होती.

पेटी चार दिवसांत उभी राहिली. 6 बाय 3 फूट, 12 एमएमचा मरीन प्लाय, तळाला उष्णता अडवायला रॉकवूल, मधे डासांच्या ॲल्युमिनियमच्या जाळीचे दोन थर, त्यांना फळ्याचा बिनचमकीचा काळा रंग. खालून हवा आत, जाळीतून गाळून वरून बाहेर. राहिली फक्त वरची काच. म्हटलं, दिवाळीच्या आत सुरू.

साधी काच लावायची नव्हती. एखादा कावळा नारळाचा तुकडा टाकायचा. म्हणून 5 एमएमची टफन, म्हणजे कडक केलेली काच. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून गार हवेच्या झोताने एकदम थंड करतात, त्यामुळे जे काही कापायचं, घासायचं, ते भट्टीत जाण्यापूर्वी. नंतर कड घासायला गेलात तर काचेचे दाणे हातात. हे मला पाठ होतं. बत्तीस वर्षं टूलरूममध्ये मायक्रोमीटर धरलाय. काच बसायची खाच एमएममध्ये मोजली, वर दुकानदाराला सोपं जावं म्हणून कॅल्क्युलेटरवर इंच करून चिठ्ठी दिली: 71.4 बाय 35.6.

आठ दिवसांनी टेम्पोतून काच आली. लांबी कशीबशी बसेल, रुंदी बसेना. टेप लावला, चार एमएम जास्त. काच उचलून परत दुकानात.

काचवाल्याने चिठ्ठी पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "काका, पॉइंट सहा म्हणजे सहा सूत. 35 इंच 6 सूत. बरोबर आहे."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, पॉइंट सहा नव्हे. मी त्याच्याच कागदावर गणित मांडून दाखवलं. तो म्हणाला, "आमच्याकडे सगळे असंच लिहितात." मी म्हणालो, मग सगळ्यांच्या काचा चुकतात. तिथे आवाज जरा चढला, हे कबूल. शेवटी अर्ध्या पैशांत दुसरी काच करून द्यायचं ठरलं. पहिली माझ्या गळ्यात.

आणि मग सुरू झालं "भट्टी भरली की". एका काचेसाठी भट्टी लावत नाहीत, हे मान्य. पण भट्टी भरेना. भरली तर दिवाळी आली, कामगार गावी गेले. ते आले तर दोन दिवस फोनच उचलेना. आई रोज विचारायची, "आली का रे तुझी काच?" पेटी ताडपत्रीखाली, आणि नोव्हेंबरचं असं कोरडं, लख्ख ऊन वाया जात होतं की बघवेना.

सुताराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काका, खाच वाढवतो ना." मीच अडून बसलो. काच चुकली असताना लाकूड का कापायचं? तेविसाव्या दिवशी मुकाट्याने त्याला बोलावलं. पटाशीने खाच वाढवायला त्याला पंधरा मिनिटं लागली. चहा व्हायच्या आत काच बसली.

तुम्ही करणार असाल तर चिठ्ठीवर फक्त एमएम लिहा, पुढे "एमएम" असं अक्षरांत लिहा, आणि दुकानदाराकडून मोठ्याने वाचून घ्या.

बाकी सोपं आहे. पंखा कॉम्प्युटरचा, 12 व्होल्टचा, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. तो थेट 10 वॉटच्या छोट्या सोलर पॅनेलला जोडला, बॅटरी नाही. ऊन असेल तर फिरतो, नाहीतर गप्प. चार इंची पाइप कठड्यावरून खाली, आईच्या खोलीच्या झडपांच्या खिडकीत. समोरची खिडकी दोन बोटं उघडी हवी, नाहीतर ओल जाणार कुठे? पेटीचं तोंड दक्षिणेला, उतार 35 अंश, कारण थंडीत सूर्य खाली असतो. दिशेसाठी मोबाइलवर विसंबू नका, लोखंडी ग्रिलजवळ त्याची सुई भरकटते. नोव्हेंबरात आपल्याकडे सूर्य दिवसातला सर्वांत वर येतो तो बारा वाजून वीसेक मिनिटांनी. तेव्हाची काठीची सावली धरा. हो, आणि एक विसरलो: रंग दिलेली जाळी दोन दिवस उघड्या उन्हात तापू द्या. मी दिली नाही, आईची खोली दिवसभर टर्पेंटाइनसारखी वासत होती.

वास गेल्यावर पाइपच्या तोंडाशी तापमापक धरला. बाहेर 31, इथे 49. मी दोनदा चष्मा पुसला. संध्याकाळी खोलीची आर्द्रता 74 वरून 55 वर आली होती. आईने गोधडी नाकाशी नेली, काही बोलली नाही, तीच अंगावर घेऊन आडवी झाली.

आठ दिवसांनी फोन आला. "काका, तुमची काच तयार आहे, घेऊन जा."

गेलो, अर्धे पैसे दिले, घेऊन आलो. माप अगदी तंतोतंत. आता ती गोणपाटात गुंडाळून कपाटामागे उभी आहे. वाढवलेल्या खाचेत चार एमएमने लहान पडते.